ई ड्राइव्ह मोकळाच हाय
खंडेनवमीला हळद लावलेला कॉम्प्युटर दिसला, की मला चादरीच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. मागांची पूजा झाली होती, त्यांच्याबरोबर डिझाइनच्या कॉम्प्युटरचीही, आणि त्याच्या पंख्यातून गरम हवेसोबत हळदीचा, झेंडूचा वास येत होता. चादरींची सगळी डिझाइनं असलेला डी ड्राइव्ह उघडेना, म्हणून मला बोलावलं होतं. बॅकअप होता, पण हार्डडिस्कचा तेवढा भागच खराब झाल्यामुळे तो डीवर परत बसेना. "मग ईवर टाका की, मोकळाच हाय," डिझाइन काढणारे वयस्कर मास्तर म्हणाले. बॅकअप जिथे उतरवतो तिथलं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून मी ई उघडून पाहिला. आत एकच फाइल होती. भिंतीवर टांगायच्या विणकामासाठी चौकटी भरत भरत रंगवलेला एका बाईचा चेहरा, आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या. "आमची घरवाली. गेल्या साली गेली," मास्तर हळूच म्हणाले. "डोळं काय जमंनात बगा. पुसा तुमी, मालकांचं काम लई अडलंय." मी ती फाइल माझ्या पेनड्राइव्हवर घेतली, ईवर बॅकअप उतरवला आणि शेवटी तो चेहरा पुन्हा त्यांच्यासमोर उघडला. मास्तरांनी चष्मा पुसला, माउस जवळ ओढला. परवा पूजेला त्याच कारखान्यात गेलो. मास्तर आता नाहीत. भिंतीवर मात्र ती बाई होती, आणि तिचे डोळे त्यांनी मिटलेलेच विणले होते.