सुभेदारांच्या चित्रपटाचा शेवट

सुभेदार दामोदर रोकडे गेल्याचे त्यांच्या मुलाने, मिलिंदने, मला फोनवर कळवले. ‘बाई, पप्पा गेले,’ तो म्हणाला. आणि लगेच पुढे, ‘शोकसभेत त्यांचा पिक्चर लावणार आहोत. तुम्ही दोन शब्द बोला.’ चारचौघांत बोलणे मला कधीच जमले नाही. जे बोलायला हवे होते ते आता, काही आठवड्यांनी, लिहिते आहे…

अंबरनाथच्या बुवापाड्यातून सैन्यात गेलेले सुभेदार निवृत्तीनंतर बदलापुरात, हेंद्रेपाड्यात, आमच्या शेजारी राहायला आले. सिनेमाचे वेड त्यांना छावणीत लागले होते. जवानांना पडद्यावर चित्रपट दाखवण्याचे काम त्यांच्याकडे असे. मी शाळेत मराठी शिकवत होते, म्हणून लिहिलेले प्रसंग ते मला वाचून दाखवायला येत आणि उभ्यानेच वाचत. ‘सुभेदार, बसा तरी,’ असे म्हटले की उत्तर येई, ‘नको बाई. बसलं की वाक्यं लांबतात.’

त्यांनी एकच चित्रपट केला. निवृत्त फौजी एका सोसायटीत वॉचमन होतो, एवढीच गोष्ट. शेवटी सव्वीस जानेवारीला तो फुलांच्या पाकळ्या घालून झेंड्याची घडी करतो, ओढताच सुटेल अशी गाठ मारतो आणि मागे जाऊन उभा राहतो. दोरी पाहुणे ओढतात. टाळ्याही त्यांनाच मिळतात.

उल्हासनगरचे एक कापडवाले शेठ या चित्रपटात पैसे घालणार होते. त्यांच्या दुकानात सुभेदारांबरोबर मीही गेले होते. शेवट ऐकून शेठ हसले. ‘साईं, जिंदा फौजी को टिकट लेके कौन देखेगा? त्याला शहीद करा ना! तिरंग्यात लपेटा, एक गाणं टाका, पब्लिक रडत बाहेर येईल.’

सुभेदार शांतपणे म्हणाले, ‘शेठ, मेलेल्या फौजीला सगळे सलाम करतात. हा जिवंत आहे, हीच त्याची अडचण आहे. तो मरणार नाही.’

शेठ बाजूला झाले. निवृत्तीचे पैसे घालून सुभेदारांनी चित्रपट पूर्ण केला, पण एकाही थिएटरने तो घेतला नाही. पुढची वर्षे ते विहाराच्या अंगणात, सोसायट्यांच्या गच्चीवर तो दाखवत राहिले. लोक मध्येच उठून जात. सुभेदार मात्र शेवट होईपर्यंत उभे असत…

शोकसभेला बदलापूरचे सभागृह भरले होते. चित्रपट सुरू झाला. शेवटाकडे आला, आणि पडद्यावर अचानक गोळीबार झाला. वॉचमन कोसळला. तिरंगा, शवपेटी, गाणे… नंतर कळले, सुभेदार रुग्णालयात असताना मिलिंदने चित्रपट शेठना दिला होता आणि तोच नट बोलावून हा नवा शेवट चित्रित झाला होता. लोक खरोखर रडत होते.

‘पाहिलंत बाई?’ शेठ डोळे पुसत मला म्हणाले. ‘साहेब असते तर खूश झाले असते.’

वहिनी, सुभेदारांच्या पत्नी, पहिल्या रांगेत होत्या. त्या मुलाकडे वळल्या. ‘मिलिंद, झेंडा बांधायचा राहिला ना रे?’

‘आई, इतकी वर्षं पडून होता पिक्चर. निदान आता लोक बघतात तरी.’

‘हो,’ वहिनी म्हणाल्या. ‘मारल्यावर बघतात.’

परवा मी त्यांच्याकडे गेले. वहिनींनी चहा ठेवला आणि टीव्हीवर मूळ चित्रपटाची सीडी लावली. मधले सगळे पुढे सरकवून फक्त शेवट. पडद्यावर दोन हात पाकळ्या पसरत होते, घडी घालत होते, गाठ आवळत होते.

‘हात ओळखले का?’ त्यांनी विचारले. मी मान हलवली, नाही म्हणून. ‘त्या नटाला गाठ येईना. हे शिकवून शिकवून दमले. मग हेच बसले त्याचा शर्ट घालून.’

साऱ्या चित्रपटात सुभेदार तेवढेच होते. कापताना तेवढेच कापले गेले.