पाठीची माती

आमच्या घरात पाठीला माती लावून यायची सोय नव्हती. गुडघा फुटला, कोपर सोललं, परकर फाटला तरी चालायचं; पण खेळून येताना पाठीवर माती दिसली की आई आम्हा भावंडांना मागच्या दारातच अडवायची आणि पदरानं खसाखसा झटकायची. आत अण्णा बसलेले असायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी आसपासच्या गावांतले नावाजलेले पैलवान. कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की माणूस हरला. मग त्याआधी तो कितीही झुंजलेला असो. त्यामुळे पाठीची माती म्हणजे काय, हे मला बाराखडीच्या आधी कळलं होतं.

खुद्द अण्णांची पाठ एकदाच लागली होती, चार गावं पलीकडच्या एका जत्रेत. त्या दिवशी म्हणे ते एसटीत बसले नाहीत. लोकांना पाठ दिसू नये म्हणून रानातल्या वाटेनं चालत आले आणि विहिरीवर अंघोळ करूनच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. ही हकिकत आई अगदी हळू आवाजात सांगायची, आणि सांगताना तिला हसू आवरायचं नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात मी चित्रकला शिक्षिकेचा कोर्स करायला सांगलीला गेले. आमचं गाव कृष्णाकाठीच, पण साताऱ्याच्या हद्दीत. सांगलीत मावशीकडे राहायची सोय झाली. घर हळदीच्या पेठेजवळ. मी चित्रं बरी काढत असे, पण रेघ मारायची म्हटलं की माझा श्वास अडकायचा. एक रेघ ओढायची, ती चुकली म्हणून खोडरबरानं घासायची, परत ओढायची. कागदाला भोक पडेपर्यंत हा उद्योग चाले. आमचे ड्रॉइंगचे सर एकदा कागद उजेडात धरून म्हणाले, "चित्र चांगलं आहे. पण रेघ घाबरलेली आहे हो तुमची." मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसले.

त्याच वर्षी आमच्या व्यायामाच्या बाई पुण्याला एका शिबिराला जाऊन ज्युदो शिकून आल्या. ज्युदो म्हणजे जपान्यांची कुस्ती, एवढीच आम्हा मुलींना माहिती. मी नाव घातलं ते निव्वळ कुतूहलानं. गावाकडं तालमीच्या उंबऱ्याशी मुलीनं उभं राहायचीही चोरी होती, आणि इथं एक बाई मुलींना कुस्ती शिकवणार होती! गाद्या नव्हत्या. आमच्यातल्या एकीच्या वडिलांची हळदीची अडत होती. त्यांनी जुनी पोती दिली. आम्ही त्यांत भाताचा पेंढा भरला, दाभणानं शिवली आणि अंथरली. पोती झटकली होती, पण धुवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्या पिवळ्याधमक होऊन घरी गेलो. मावशी दारात बघतच राहिली. "कुणाची हळद खेळून आलीस गं? मला आमंत्रण न्हाई ते?" पुढं वर्षभर तिनं हा प्रश्न सोडला नाही.

बाईंनी आम्हाला कुणाला पाडायचं शिकवलंच नाही. नुसतं पडायला लावलं. उकिडवं बसायचं आणि मागं पडायचं. हनुवटी छातीशी, नजर कमरेच्या गाठीवर, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ टेकताना श्वास सोडायचा आणि हाताचा तळवा जमिनीवर जोरात मारायचा, म्हणजे सगळा हबका हातावाटे निघून जातो. "पाडायचं कधी शिकवणार?" असं आम्ही विचारलं की बाई म्हणायच्या, "पडायला आलं की." आणि पडताना कुणी अंग ताठ केलं की, "जमिनीशी भांडू नका गं. तिला काही कुठं जायचं नाही."

माझी वेगळीच अडचण होती. मी मागं पडले की हवेतच वळायची आणि पोटावर आदळायची. सगळ्या मुली पाठीवर, मी एकटी पालथी. बाईंनी विचारलं, "कुणाची मुलगी तू?" मी म्हटलं, "पैलवानाची." बाई हसत सुटल्या. मग माझ्याजवळ उकिडव्या बसल्या, माझ्या मानेखाली हात धरला आणि मला सावकाश मागं सोडलं. पाठ पोत्याला टेकली. काही झालं नाही. कुस्तीच्या फडातल्यासारखी हलगी थांबली नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. मी तशीच पडून वरच्या पत्र्याकडं बघत राहिले आणि मला विनाकारण रडू आलं.

त्यानंतर मला पडण्याची चटकच लागली. पाण्याचा हंडा उचलताना, एसटीत चढताना, मावशीबरोबर गादी घडी करताना अंग कुठं ताठतंय ते मला कळू लागलं. आणि रेघ सुटली. कशी ते नेमकं सांगता येणार नाही. पण कोळशाची कांडी कागदावर टेकवताना मी श्वास सोडायला लागले होते. चुकली रेघ तर चुकली; तिच्याशेजारी दुसरी मारायची. खोडरबर दप्तरात कुठं गेलं ते मी शोधलंसुद्धा नाही. सरांनी माझा एक कागद भिंतीला लावला.

अशात गावाकडून निरोप आला. अण्णांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. मी पोचले तेव्हा ते खाटेवर बसून चहा पीत होते. हलका झटका होता. बोलणं ठीक, हात ठीक, डावा पाय मात्र ओढत चालायचे. डॉक्टर म्हणाले, चालत राहिले तर पाय सुधारेल. बसून राहिले तर तो कायमचा गेला समजा. आणि चालणार म्हणजे मधूनमधून पडणार, तेवढं सांभाळा.

अण्णा चालायला लागले आणि पडलेही. तालमीसमोरच डावा पाय दगा देऊन गेला. मागं जायला लागले तसे हवेतल्या हवेत वळले आणि उजव्या मनगटावर पालथे पडले. मनगट मोडलं. लोकांनी उचलून घरी आणलं तर हात लोंबतोय, कपाळावर घाम, आणि आईला पहिलं वाक्य काय? "पाठ लागली न्हाई बघ."

आई म्हणाली, "आवं, मेडल घालू का गळ्यात?" आणि मग चुलीपाशी जाऊन रडली.

प्लास्टर निघालं तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होते. मनगट सांधलं होतं, पण अण्णा ओट्यावरून उतरेनात. काठी नको, आधार नको, काहीच नको. तालमीतली पोरं येऊन बोलावून जायची, हे म्हणायचे, "उद्या येतो." दिवसेंदिवस पाय बारीक होत चालला होता. ज्या मांडीवर लहानपणी आम्ही घोडा घोडा केलं, ती मांडी धोतरात दिसेनाशी झाली. मला भीती वाटत होती. अशी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, आणि भीतीचा माझ्याकडं एकच अवतार, तो म्हणजे चिडणं. एका सकाळी मी ओट्यावर जाऊन म्हटलं, "अण्णा, तुमी पडायला भीत न्हाई. तुमी पाठ टेकायला भिताय."

ते इतक्या जोरात ओरडले की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी काही बोललेच नाही. परसात उसाचं पाचट पडलं होतं, ते जाड अंथरलं, त्यावर घोंगडं टाकलं, साडीचा काचा मारला आणि त्यांना दिसेल असं पडायला सुरुवात केली. मागं. धप्प. उठायचं, परत मागं. अण्णा मागच्या दाराशी खाटेवर बसून बघत होते. पहिल्यांदा तोंड फिरवलं. मग पुटपुटले, "ऊठ." मग मोठ्यानं, "आगं ऊठ, ऊठ!" पोरगी पाठीवर पडलेली त्यांना बघवत नव्हती. मी उठून पाठीला लागलेलं पाचट तसंच ठेवून त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"हेच शिकिवत्यात व्हय सांगलीत?"

"व्हय."

"आन् हारजीत कशी ठरती त्यांच्यात?"

"आपल्यासारखीच. पाठीवर पडला की हारला. पण पडायला आल्याबिगर कुणाला फडात उतरूच देत न्हाईत."

 अण्णा स्वतःच्या मनगटाकडं बघत म्हणाले, "आमाला पाठ वाचवायला शिकिवली. पडायला कुणी शिकिवलंच न्हाई, बाय."

तरी लगेच उतरले नाहीत. मला त्यांना सगळं नीट सांगता येईना, म्हणून मी परसातल्या भिंतीवर कोळशानं एक पडणारा माणूस काढला. आधी उकिडवा, मग कललेला, मग पाठीवर. काढताना मजा आली. हात थांबतच नव्हता. अण्णा खाटेवरून म्हणाले, "त्याची कंबर चुकलीया. तिथं बसंल तर मणका जाईल." मी कंबर बदलली. "आता खांदा. जरा गोल कर." खांदा गोल केला. शेवटी त्यांना राहवेना. भिंत धरत धरत ते स्वतः आले, माझ्या हातातला कोळसा घेतला आणि त्या माणसाच्या पाठीला एक लांब, वाकडी, बिनधास्त रेघ मारली. एवढी सुंदर रेघ माझ्या साऱ्या वर्गात कुणाची नव्हती. मग त्या रेघेकडं बघतच मला म्हणाले, "धर मान."

मी मानेखाली हात धरला. एवढा मोठा पैलवान, डोकं मात्र हलकं लागलं हाताला. "गाठीकडं बघा," मी म्हटलं. त्यांनी धोतराच्या गाठीकडं बघितलं. मी सावकाश सोडत गेले. पाठ टेकायच्या क्षणाला त्यांचं अंग ताठलं, वळायला लागलं; मग त्यांनीच श्वास सोडला आणि तळवा घोंगड्यावर मारला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर ते परत कधी पडले नसते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

सुट्टीभर रोज सकाळी आमचा हा कार्यक्रम चालला. बाजूला पडणं त्यांना लवकर जमलं, कारण डावा पायच त्यांना तिकडं न्यायचा. घोंगडं काढलं, मग पाचटही काढलं. अण्णा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले, मग विहिरीपर्यंत. तालमीकडं मात्र जात नव्हते, आणि मीही सुचवलं नाही.

मी सांगलीला परत निघणार होते त्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "चल." मी मागं, ते पुढं. संध्याकाळची वेळ होती. तालमीत पोरं जमत होती, दारात दोन म्हातारे पैलवान बसले होते. बरोबर त्यांच्यासमोर डावा पाय अडकला. मी हात पुढं केला, पण पोचणं शक्य नव्हतं. अण्णांची हनुवटी छातीला लागली. तळवा जमिनीवर फाटकन वाजला. आणि माझे वडील तालमीच्या दारात, सगळ्यांच्या देखत, आभाळाकडं तोंड करून पाठीवर पडले.

 मग पोरं धावली. अण्णांनी पडल्यापडल्याच हात वर केला. "थांबा रं. पडलोय, मेलो न्हाई. उठतो की." कुशीवर झाले, गुडघा टेकला आणि उठले. मनगट हलवून बघितलं. शाबूत होतं. म्हाताऱ्यांना रामराम केला, थोडा वेळ पोरांचा सराव बघितला आणि आम्ही घरी आलो. 

आईनं लांबूनच पाठ बघितली. सवयीनं पदर खोचून पुढं आली आणि झटकायला हात उचलला. अण्णांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. मग ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसले आणि चहा मागवला.