अप्पांची आडवी रेघ

आमच्या प्रयोगशाळेत रक्त द्यायला आलेल्याला आम्ही एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून भंडावतो: अलीकडे कुठली गोळी घेतली का? माझे वडील, म्हणजे अप्पा, "न्हाय" म्हणाले आणि वर मलाच सुनावलं, "मला काय धाड भरलीया?"

अप्पा मूळचे साताऱ्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं वाशीच्या मार्केटात पोती उचलण्यात गेली, आता टोळीचे मुकादम. लेकीच्या पीएच.डी.ला निरोगी माणसाचं रक्त हवंय म्हटल्यावर तळवलीच्या पुढे आमच्या लॅबपर्यंत स्वतः आले, तेही कडक टोपी घालून आणि सगळ्यांसाठी पेढे घेऊन. माझे शेवटचे ग्राफ अडले होते, त्यामुळे मी त्यांना लगेच खुर्चीत बसवलं.

रक्तातल्या प्लेटलेट्स एरवी आपापल्या वाटेने जात असतात. जखम झाली की त्यांच्या आत एक एन्झाइम दुसऱ्याला ढोसतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी सगळ्या एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो. आम्ही प्लेटलेट्सच्या गढूळ द्रवातून उजेड सोडतो. गठ्ठे झाले की द्रव निवळतो, उजेड पार जातो आणि पडद्यावरची रेघ वर चढते.

अप्पांच्या प्लेटलेट्सना मी पहिलं रसायन पाजलं. रेघ आडवी, ढिम्म हलेना. दुसऱ्या वाटेने ढोसणारं रसायन घातलं, तर झटकन वर! म्हणजे प्लेटलेट्स धडधाकट होत्या, साखळीतलं एकच एन्झाइम कुणीतरी बंद पाडलं होतं. अंगदुखीच्या साध्या गोळीनेही तसं होतं, पण तिचा अंमल लवकर उतरतो. हृदयाच्या रुग्णांना रक्त पातळ ठेवायला देतात ती गोळी मात्र त्या एन्झाइमला कायमचं कुलूप लावते. प्लेटलेटला नवं एन्झाइम करता येत नाही, ती मरेपर्यंत तशीच राहते.

"मशीन बिघडलंय, सोमवारी परत या," मी म्हणाले. सोमवारीही रेघ आडवीच. म्हणजे ही अंगदुखीची गोळी नव्हती.

"अप्पा, हे मशीन सगळं दाखवतं. कुठली गोळी, किती वाजता, सगळं." चक्क लोणकढी थाप होती.

त्यांनी मशीनकडे संशयाने पाहिलं. "येळबी?"

"वेळसुद्धा."

"जेवल्यावर घ्या म्हणलाय डाक्टर," ते हळूच म्हणाले.

मार्केटात छातीत कळ आली होती म्हणे. आईला ॲसिडिटी सांगून मोकळे झाले. आणि मला? "तुजा अभ्यास चाललेला. उगं टेन्शन कशाला?" मला इतका राग आला की त्यांनी आजही आणलेला पेढ्यांचा पुडाच मी ओढून घेतला.

अप्पांना वाटलं, मी प्रयोग फसला म्हणून चिडले. समजूत घालत म्हणाले, "आगं, त्यात काय एवढं? थोडं दिस गोळी बंद करतो. चढंल तुजी रेघ."

"खबरदार!" मी ओरडले. सगळी लॅब वळून बघायला लागली. "एक जरी गोळी चुकवलीत ना अप्पा..." आणि मला रडूच फुटलं.

"बरं, बरं, घेतो की रोज," ते घाबरून म्हणाले. "पर आईला सांगू नगंस."

मी डोळे पुसले आणि त्यांच्यासमोरच आईला फोन लावला.