बंद इंजिनाची लाँच

आमच्या लाँचचा गियर दुरुस्त होऊन आला, त्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "चल, खाडीत एक फेरी मारून बघू." दादा आखातातून सुट्टीवर आला होता. तोही निघाला. मी तेव्हा कॉलेजात होते, घरी बसून कंटाळले होते, म्हणून मीही चढले.

फेरी छान झाली. वारा पडला होता, पाणी तेलासारखं सपाट. परत येताना दादा पुढच्या टोकाला दोर घेऊन उभा राहिला. मी केबिनच्या दारात, बाबांच्या पाठीशी. समोर जेटी दिसायला लागली आणि जेटीला टेकून मामांचं होडकं. मामा आमच्याकडे पाठ करून त्यातलं पाणी उपसत होते. इंजिनांच्या आवाजात जन्म गेल्यामुळे त्यांना फारच कमी ऐकू यायचं.

बाबांनी वेग कमी केला आणि लाँच थांबवायला नेहमीप्रमाणे रिव्हर्स टाकला. खडकन आवाज झाला. इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं.

इतकी शांतता मी लाँचवर कधी ऐकली नव्हती. बाबा बटण दाबत होते. नुसती टकटक.

आधी मला काहीच वाटलं नाही. इंजिन बंद पडलं म्हणजे लाँच थांबणार, असंच मनात आलं. पण ती थांबेना. बाजूच्या होड्या एकेक करून मागे पडत होत्या. लाँच सरळ चालली होती, चालत्या माणसाच्या वेगाने, जराही न डगमगता. तिला कुणी ढकलत नव्हतं. पाणी थोडंफार अडवत असेल, पण एवढ्या लाकडा-लोखंडाला ते कुठे पुरणार? गती असलेली वस्तू आपण होऊन थांबत नाही, हे मी शाळेत पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. त्या वाक्याला घाबरायचं असतं, हे मात्र तिथे कळलं.

"बाबा, वळवा ना!"

"कुठे वळवू गो?" बाबांचा आवाज चिरकला. डावीकडे खडक होते. उजवीकडे जाळी भरत असलेल्या बायका-माणसांची होडी.

"मामाऽऽ!" मी ओरडले. दादा ओरडला. जेटीवरचं कुणीतरी धावत निघालं, पण ते फार लांब होतं. मामा डबा बुडवत होते, पाणी बाहेर टाकत होते. त्यांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता, इतके आम्ही जवळ आलो होतो.

दादा कठड्यावर बसला आणि त्याने एक पाय बाहेर काढला. लाँच पायाने थोपवायला निघाला होता तो.

"पाय आत घे!" बाबा किंचाळले. "चिरडून जाईल तो! दोर फेक, दोर!"

दादाने हातातलं ओलं दोराचं वेटोळं अख्खंच भिरकावलं. ते मामांच्या पाठीवर आदळलं. ते रागाने वळले, शिवी द्यायला तोंडही उघडलं होतं. मग डोळे मोठे झाले. त्यांनी डबा टाकला, जेटीला बांधलेला टायर दोन्ही हातांनी धरला आणि पाय पोटाशी घेऊन वर चढले.

त्यांच्या खाली होडकं फुटलं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

लाँच थांबली, आम्ही थांबलो नाही. मी बाबांच्या पाठीवर गेले, बाबा सुकाणूवर. बर्फाचे क्रेट, चहाची किटली, सगळं पुढे धावलं. दादा कठड्यावरून उडून जेटीच्या दगडावर खांद्यावर पडला.

सगळं हललं आणि मग काहीच हलेना. मी डोळे मिटून घेतले. जेटीकडे बघायची हिंमत होत नव्हती. शेवटी मामांचाच आवाज आला, "अरे, पोराला उचला आधी!"

दादाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याची रजा वाढवून घ्यावी लागली. मामांचे तळहात सोलवटले होते, एवढंच. बाबा बराच वेळ केबिनमधून उतरले नाहीत. मी आत गेले तेव्हा बटणावर त्यांचा अंगठा तसाच दाबलेला होता.

"बाबा, झालं. मामा ठीक आहेत."

"हो," ते म्हणाले, पण अंगठा काढला नाही. मी तो हाताने सोडवला. गार पडला होता.

पुढे मामांसाठी बाबांनी नवं होडकं बांधून घेतलं. मामा ते जेटीच्या तोंडाशी कधीच बांधत नाहीत, आतल्या बाजूला चिखलात ओढून ठेवतात. आणि पाणी उपसताना तोंड खाडीकडे करून बसतात.