मेडिकलवाल्याचा प्रश्न

डहाणू रोडला आमच्या गल्लीतला मेडिकलवाला साधी गोळी देतानाही गिऱ्हाइकाकडे संशयाने बघायचा. मला तो आवडत नसे. एकदा घशासाठी मी महिन्यात तिसऱ्यांदा अँटिबायोटिक मागितलं, तेव्हा त्याने आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, खाली खाज सुटते का?"

लाजेने माझे कान तापले. ह्याला कसं कळलं? आता हा गावभर सांगणार!

त्याने आतून बायकोला बोलावलं आणि स्वतः रस्त्यावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. बायको म्हणाली, "ताई, या गोळ्यांनी अंगातले चांगले जंतूपण मरतात. तेच बुरशीला वाढू देत नाहीत; ते मेले की बुरशी वाढते आणि खाज सुटते. आधी लेडी डॉक्टरला दाखवा."

निघताना मी त्याला थँक्यू म्हटलं.

मान न वळवताच तो म्हणाला, "चिठ्ठीशिवाय पुन्हा मागू नका."