टी-शर्टवाला बेपत्ता

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं.

मी तेव्हा सडक अर्जुनी तालुक्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एक तरुण बाई सासूला घेऊन आली. तिचा नवरा आदल्या दिवसापासून बेपत्ता होता. मोबाईल घरीच ठेवून तो मोटारसायकलने निघून गेला होता. हवालदार मिसिंगची नोंद घेत होते आणि तिच्या हातातला नवऱ्याचा फोन सारखा वाजत होता.

"उचला ना," मी म्हणालो.

"काय उचलू साहेब? लोकं शिव्याच देऊन राहिले."

नवरा नागपूरला छपाईचं काम शिकून आला होता. लग्नानंतर दोघांनी टी-शर्टचा स्वतःचा ऑनलाइन ब्रँड काढला. छातीवर आपल्याकडच्या बोलीतले शब्द: 'काऊन?' म्हणजे 'का?', 'येऊन राहिलो' म्हणजे 'येतोय'. छपाई तो करायचा, पार्सलं ती बांधायची. इंटरनेटवर टी-शर्ट विकणाऱ्यांची जत्रा भरलेली. कित्येक महिने यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग नागपूर-पुण्यात राहणारी इकडची पोरं मागवू लागली, जरा जम बसला. आणि एकाएकी तक्रारींचे फोन सुरू झाले. पैसे घेता आणि फाटकी चिंधी पाठवता? आम्ही असं काही पाठवलंच नाही, हे कोणी ऐकून घेईना. नवरा जेवेनासा झाला, फोन वाजला की दचकू लागला.

बिनतारी संदेश सगळीकडे गेलाच होता. दुपारी इटियाडोह धरणाजवळच्या एका चहावाल्याने ठाण्यात फोन केला. "साहेब, धरणापाशी कालपासून एक गाडी उभी आहे. चाबी लागूनच आहे. माणूस काही दिसून नाही राहिला."

गाडी त्याचीच होती. तिथल्या हद्दीतल्या ठाण्याला कळवून मासेमारी करणाऱ्या ढिवरांना पाण्यात उतरवलं. त्याची बायको काठावर उभी होती. रडत नव्हती. कोणी डुबकी मारून वर आला, की ती दोन पावलं पुढे जायची आणि त्याचे रिकामे हात पाहून थांबायची. मी अनेक प्रेतं पाहिली आहेत, पण त्या दुपारी मला पाण्याकडे बघवेना.

तेवढ्यात ठाण्यातल्या महिला शिपायाचा फोन आला. ठाण्यात ठेवून घेतलेल्या नवऱ्याच्या फोनवर गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो ती तपासत होती. "सर, पेज दोन आहेत. नाव तेच, फोटो तेच, फक्त एका अक्षराचा फरक. चिंध्या दुसऱ्या पेजवरून गेल्या आहेत."

मी त्या बाईला विचारलं, "तुमच्या पेजवरचे फोटो कोणी काढले?"

"त्याहिच्या दोस्तानं. गोंदियाचा आहे, शाळेपासूनचा. आमच्या घरी जेवते-खाते."

त्या दुसऱ्या पेजचे पैसे ज्या नंबरवर जात होते, तो नंबर त्याच दोस्ताचा असल्याचं सायबर सेलने कळवलं. मी ठाण्यात परतलो आणि त्याला आणवलं.

कपडे इस्त्रीचे, बोलणं अर्धं हिंदी. "सर, मेरा क्या लेना-देना? आप उसी को पूछो ना." तासभर तो हेच घोळवत राहिला. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ झालो होतो. ज्याचा जिवलग मित्र बेपत्ता आहे, तो खुर्चीत बसायच्या आधी विचारतो, सापडला का? याने एकदाही विचारलं नाही. म्हणजे दोनपैकी एक. मित्र मेला आहे हे याला माहीत होतं, किंवा जिवंत आहे हे तरी.

मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, "त्याची गाडी धरणावर सापडली. माणसं पाण्यात उतरली आहेत. वहिनी काठावर उभ्या आहेत, सकाळपासून पोटात अन्न नाही."

त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "पाण्यात कोणी नाही सर."

मग सगळं बाहेर आलं. ब्रँडमध्ये भागीदारी मागितली, मिळाली नाही, म्हणून याने त्याच नावाचं खोटं पेज उघडलं. "इतकी गर्दी आहे सर, असली-नकली कोण पाहते?" बोंब झाली तेव्हा घाबरला, आणि मित्रालाच सांगितलं की तुझ्या नावाचं वॉरंट निघालं, पोलीस येऊन राहिले, पळ. फोनवरून माग काढतात म्हणून तो घरी ठेवायला लावला. गाडी धरणावर सोडायला लावली आणि स्वतःच गोंदिया स्टेशनवर पोचवून राज्याबाहेरच्या डोंगरगडच्या रेल्वेत बसवलं. खरा मालक पळाला किंवा बुडाला म्हटल्यावर चोर तोच ठरणार होता.

मी आधी काठावर निरोप धाडला. ऐकताच ती बाई मटकन खाली बसली, आणि मग रडली.

डोंगरगडच्या पोलिसांनी त्याला एका धर्मशाळेत शोधून काढलं. मी तिला घेऊनच गेलो. मला गणवेशात पाहताच तो भिंतीला चिकटला आणि दोन्ही मनगटं जोडून पुढे केली. "चला साहेब. पण मी चोर नाही."

मी काही बोलायच्या आत ती ओरडली, "काऊन पळाले तुमी? तिकडे लोकं तुमाले पाण्यात शोधून राहिले ना!"

तो चकित होऊन बघत राहिला. धरणावर गाडी सोडण्याचा असा अर्थ होतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मित्रावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, खोटं पेज बंद झालं. गेलेलं नाव मात्र लगेच परत आलं नाही. दोघांना एकेका गिऱ्हाइकाला समजावत नव्याने सुरुवात करावी लागली.

मला या प्रकरणाने एक शिकवलं. गुन्हेगार पोलिसांना भितो, हा आपला समज. खरं तर त्याला आमच्या मर्यादा ठाऊक असतात. ज्याने आयुष्यात ठाण्याची पायरी चढलेली नाही, त्याला तक्रार, नोटीस आणि वॉरंट यांतला फरक माहीत नसतो, आणि त्याच्या भीतीवर कोणीही पोट भरू शकतो. पुढे निवृत्त होईपर्यंत अशी तक्रार आली, की ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला मी स्वतः फोन करायचो आणि म्हणायचो, या, बसा, तुमचंही ऐकू.

त्या दिवशी डोंगरगडहून परतताना जीपमध्ये तो टी-शर्टवाला बायकोशेजारी बसला होता. देवरीच्या अलीकडे मी चहाला गाडी थांबवली. सगळे उतरले, तो उतरेना. मी कारण विचारलं, तर दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, उतरू का? चालते ना?"