लेकीचा दिवाळसण

सरकीचं तेल चालणार नाही, हा निरोप धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आला. पुण्याहून जावईबापूंचा फोन होता. "आई, राग मानू नका, पण मी बीटी कपाशीचं, जनुकं बदललेल्या बियाण्याचं काही खात नाही. तुमच्याकडे सरकीचं तेल वापरतात ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, म्हशीला पेंड कसली घालता? सरकीचीच ढेप, आणखी कसली घालणार? तर मग घरचं तूपही नको म्हणाले.

राग कसला त्यात, असं मी बोलून गेले खरी, पण कानशिलं तापली होती. पंधरा वर्षं आम्ही बीटी कपाशीच लावत आलो. तिच्यावरच पोरगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, आणि तिथंच हे स्थळ जुळलं. त्या वर्षी तर गुलाबी अळीनं अर्धं वावर खाल्लं होतं. बोंड फोडावं तर आत अळी. आमच्या घरचे, म्हणजे लेकीचे वडील, माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "आपल्या वावरातलं त्याले इख वाटते, मंग अंगातला कुर्ता कायचा हाये त्याचा?"

मी त्यांना गप्प केलं. दिवाळसण जावयाचा म्हणतात, पण मला तो लेकीचा करायचा होता. लग्नानंतर पाच महिन्यांनी ती पहिल्यांदा सणाला येत होती, सोबत नवरा, सासू-सासरे आणि दीर. तिनं आपल्या घरात पाटावर बसावं आणि दुसऱ्या कुणी वाढलेलं निवांत, पोटभर जेवावं, एवढीच माझी हौस होती. त्यासाठी बाकीच्यांचे वाट्टेल ते नखरे सोसायची माझी तयारी होती.

आणि नखरे काय थोडे होते? मी एकेकाला फोन करून विचारलं. विहीणबाईंचा चातुर्मास, म्हणून कांदा, लसूण, वांगं बंद. वांग्याचं भरीत नाही तर आम्ही पाहुणचार करायचा तरी कशाचा? व्याह्यांना मधुमेह, त्यांना भाकर आणि बिनतेलाचा दुधी. जावयाचा धाकटा भाऊ व्यायामशाळेत जातो, त्याला सहा उकडलेली अंडी, तीही आतलं पिवळं काढून. ही अंडी विहीणबाईंच्या स्वयंपाकाजवळ नकोत, म्हणून मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. मलकापूरहून घाण्याचं शेंगदाणा तेल आणवलं. तूप दुकानातलं आणलं. डब्यावर गाईचं चित्र होतं. त्या गाईनं काय खाल्लं होतं, हे काही जावईबापूंनी विचारलं नाही.

पाडव्याला लेक पहाटेपासून स्वयंपाकघरात. मी तिला दोनदा बाहेर हाकललं, दोन्ही वेळा विहीणबाईंनी परत आत धाडलं. "अगं, माझ्या भाजीला तो लसणाचा झारा लागत नाही ना, बघ जरा." "ह्यांची भाकरी तूच कर, तुझ्या हातची पातळ होते." आणि पोरगी चार भांडी, चार चमचे वेगळे ठेवून, कुणाला काही न विचारता झराझरा हात चालवत होती. केवढी तयार झाली, असं वाटून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून चीड येते.

दुपारी पंगत मांडली. चार पाहुण्यांची ताटं, एक आमच्या घरच्यांचं. मी सहावं मांडायला लागले तशी जावईबापू मोठ्या प्रेमानं म्हणाले, "आई, तिचं टेन्शन नका घेऊ. तिला सगळं चालतं."

"खरंच," विहीणबाई म्हणाल्या, "फार गुणाची. कसली म्हणून आवडनिवड नाही."

आवडनिवड नाही! दुधावर साय दिसली की पेला सरकवून देणारी पोरगी ही. डाळभाजीतले शेंगदाणे एकेक वेचून बापाच्या ताटात टाकणारी. अंड्याचा वास आला तरी माझ्या पदरात नाक खुपसायची. पाच महिन्यांत हे सगळं गेलं कुठं? मी तिला बोलवायला आत गेले.

ती ओट्याशी उभी होती. हातात वाटी, वाटीत भात, आणि त्यात अंड्यांचे ते काढून टाकलेले पिवळे गोळे कुस्करलेले. उभ्याउभ्या खात होती.

"हे काय खाऊन राह्यली?"

"वाया जाते न व माय." ती हसली. "तिकडं त रोजचे सहा असतात. फेकू का?"

मी वाटी हिसकावली आणि अंगणात भिरकावली. राग सगळ्यांचा आला होता, पण सगळ्यात जास्त माझा. चार जणांना काय चालतं आणि काय नाही, ते मी फोनवर ऐकून घेतलं होतं. हिला मीसुद्धा विचारलं नव्हतं.

मनगटाला धरून तिला पंगतीत आणलं आणि सहाव्या ताटावर बसवलं. आवाज चढलाच. "जावईबापू, विहीणबाई, तिले सगळं नाही चालत. काय चालत नाही ते तीच सांगंन. सांग बाई."

सगळ्यांनी वर पाहिलं. आमच्या घरचे खाली मान घालून बसले. लेकीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, मग रिकाम्या ताटाकडे.

"मलेच आता आठवत नाही व माय," ती म्हणाली.

जावईबापू हसले. मग सगळेच हसले, बरोबर तीही हसली. मी वाढायचं पोळ्यांचं ताट उचलून तिच्या शेजारी खाली ठेवलं आणि फतकल मारून तिथंच बसले.

"आठव," मी म्हटलं. "तुले आठवेपर्यंत मी कोणालेच वाढत नाही."